मशीन बिघडली, कागद कुठे आहे?

मी लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीहून बोलते आहे. रोवणी आटोपली, पाऊसही जरा थांबला आहे. हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

आज मी एका मशीनची गोष्ट सांगणार आहे. ती मशीन आता आमच्या माळ्यावर, धानाच्या रिकाम्या पोत्यांखाली पडली आहे. पोरं म्हणतात, भंगारात देऊन टाक. मी देत नाही. तिच्याकडे पाहिलं की मला माझी एक चूक आठवते, आणि ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून आज बोलते आहे.

गोष्ट २००७ सालची. तेव्हा आपल्याकडे लग्नाच्या कॅसेटी असायच्या, आठवतं ना? पुस्तकाएवढी काळी कॅसेट, वर नवरानवरीच्या नावाची चिठ्ठी. घरोघरी कपाटात एक तरी असायचीच. पण ती पाहायला व्हीसीआर लागायचा, आणि तो भाड्याने आणावा लागायचा. मग सीडी आली, डीव्हीडी आली, आणि कॅसेट पाहणं मागे पडलं.

तेव्हा बाजारात एक मशीन आली होती. एकाच डब्यात दोन्ही. एका बाजूला कॅसेट घालायची, दुसऱ्या बाजूला डीव्हीडी. वरून ती रेकॉर्डही करायची, म्हणजे कॅसेटवरचं लग्न डीव्हीडीवर उतरवून घ्यायचं. मला ती फारच आवडली. नागपूरला नात्यातल्या लग्नाला गेलो होतो, तिथल्या एका दुकानात पाहिली. किंमत नऊ हजार रुपये.

नऊ हजार आमच्या घरात कुठून असणार? मी बचत गटातून कर्ज काढलं. शेकडा दोन रुपये महिना व्याज, बारा हप्ते. गटातल्या बायांनी विचारलं, "काऊन वो, एवढे पैसे मशीनले?" मी म्हटलं, मला ती माझ्या लहान जावेसाठी हवी आहे.

ते कारण सांगते. माझ्या धाकट्या दिराचं लग्न झालं तेव्हा आम्ही हौसेने व्हिडिओ काढला होता. पुढे काही वर्षांतच दीर गेले. घरात त्यांचे दोन फोटो, आणि ती एक कॅसेट. फोटोत माणूस दिसतो, पण बोलत नाही. कॅसेटमध्ये त्यांचा आवाज होता, हसणं होतं. जावेचा मुलगा बाप गेला तेव्हा दीड वर्षाचा होता. त्याने बापाचा आवाज ऐकलेला त्याला आठवणारच नव्हता. मला वाटलं, ती कॅसेट डीव्हीडीवर उतरवून घेऊ, म्हणजे पोराला कधीही पाहता येईल.

मशीन घरी आली. पहिले आठ दिवस छान चालली. शेजारपाजारच्या बाया आपापल्या कॅसेटी घेऊन यायच्या, अंगणापर्यंत गर्दी व्हायची. मग एक दिवस डीव्हीडी आत घातली तर ती फिरेना. पडद्यावर काही येईना. झाकणही उघडेना. बटण दाबून दाबून बोट दुखलं. दुसऱ्या दिवशी आपोआप चालू झाली. मला वाटलं, माझंच काही चुकलं असेल.

पंधरा दिवसांनी चित्र थरथरायला लागलं. आवाज मधेच बारीक, मधेच मोठा. कधी चालायची, कधी नाही. मैत्रिणींनो, पूर्ण बंद पडलेली वस्तू परवडली, कारण ती बंद आहे हे दिसतं. अशी अधूनमधून चालणारी वस्तू फार फसवते. दुकानात नेली की शहाण्या लेकरासारखी चालते, आणि घरी आणली की पुन्हा तेच.

मी नागपूरला पाच फेऱ्या मारल्या. मशीन गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, एसटीने. दुकानदार पहिल्यांदा म्हणाला, "ताई, मशीन चांगली आहे, तुमच्या गावची लाइन खराब आहे." दुसऱ्यांदा म्हणाला, "तुमच्या कॅसेटला बुरशी आहे." तिसऱ्यांदा म्हणाला, "तुम्हाला चालवता येत नाही, घरात कोणी माणूस नाही का शिकलेला?" चौथ्यांदा मशीन ठेवून घेतली, तीन आठवडे. पाचव्यांदा ती परत दिली आणि म्हणाला, "आता झाली नीट."

त्या रात्री मी जावेला बोलावलं. तिच्या मुलाला बोलावलं. कॅसेट घातली. लग्नाचा मांडव दिसला, वाजंत्री दिसली, दीर घोड्यावरून उतरताना दिसले. पोरगा डोळे मोठे करून पाहत होता. मंगलाष्टकं सुरू झाली, आणि मशीनमधून करकर आवाज आला. चित्र गेलं. मी घाईने बटण दाबलं. कॅसेट बाहेर आली, पण तिच्या आतली फीत मशीनमध्येच अडकलेली, चुरगळलेली, एका जागी तुटलेली.

जाऊ काही बोलली नाही. उठली, पोराला घेऊन आपल्या खोलीत गेली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी मशीनला हात लावला नाही. पण गटाचे हप्ते मात्र चालूच होते. नऊ हजार मुद्दल, एक हजार एकशे सत्तर रुपये व्याज, आणि पाच फेऱ्यांचे हजारेक रुपये. म्हणजे अकरा हजार एकशे सत्तर. बुडालेली मजुरी धरलीच नाही.

आता पुढचं ऐका. दिवाळी झाली आणि गावची मंडई आली. आपल्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे लेकीबाळी, पाहुणे, रात्री नाटक. घर भरलेलं होतं. माळ्यावर ती मशीन पाहून एका पाहुणीने विचारलं, "तुमच्या घरीबी हेच आहे का वो? आमचीबी अशीच कर्ते." मी चमकले. बोलता बोलता कळलं, तिच्या गावात अशीच एक मशीन आहे. आमच्या मामेसासूच्या घरी तीच आहे. आणखी एकीच्या भावाकडे तीच. चौघींची मशीन सारखी, दोघींचं दुकानही एकच, आणि रोगही तोच. झाकण अडकणं, चित्र थरथरणं, फीत खाणं.

आणि चौघींनाही तेच सांगितलं होतं की दोष मशीनचा नाही, तुमचा आहे. चौघींनी ते खरं मानलं होतं. मीसुद्धा. सहा महिने मी मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत होते की बाईमाणसाला मशीन कळत नाही, उगाच हौस केली.

हे अगदी खोटं आहे, मैत्रिणींनो. अहमदाबादच्या 'सेवा' संस्थेने १९८४ साली आपल्या सभासद बायांना व्हिडिओ शिकवला. कष्टकरी बाया होत्या त्या, काहींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. त्यांनी कॅमेरा धरला, फिल्म तयार केल्या, आणि त्या इतर बायांना दाखवल्या. बाईला मशीन कळते. बिघडलेली मशीन मात्र कोणाच्याच हातात नीट चालत नाही.

दुकानदाराचं लाइनचं म्हणणंही पुढे उघडं पडलं. माझा मुलगा मोठा झाला, आयटीआयला गेला. त्याने एक दिवस मशीन उलटी करून मागची पट्टी वाचली. तिथे लिहिलं होतं की ही मशीन ११० ते २४० व्होल्टवर चालते. म्हणजे आमच्याकडे लाइट जरा कमी-जास्त झाली तरी चालायला हवी होती. उत्तर मशीनच्या पाठीवरच छापलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. बुरशीचं मात्र पूर्ण खोटं नव्हतं. आपल्याकडे पावसाळ्यात ओल असते, कॅसेटच्या फितीला बुरशी येते, आणि अशी फीत मशीनच्या आतला भाग खराब करते. पण मग झाकण का अडकत होतं? डीव्हीडी का फिरत नव्हती? त्याचा बुरशीशी काही संबंध नाही.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चौघींनी ठरवलं की आता मिळून दुकानात जायचं. पण कागद काढायला बसलो, तेव्हा पाहा काय निघालं.

माझ्याकडे बिल नव्हतं. एक चिठ्ठी होती, त्यावर फक्त ९००० लिहिलेलं. दुकानाचं नाव नाही, तारीख नाही, मशीनचा नंबर नाही. "पक्कं बिल घेतलं तर जास्त पैसे पडतील," असं दुकानदार म्हणाला होता आणि मी हो म्हटलं होतं. वॉरंटीचं कार्ड होतं, पण कोरं, शिक्का नाही. दुसरीने कार्ड दुरुस्तीच्या वेळी दुकानातच दिलं होतं, ते परत आलं नाही. तिसरीचं बिल उंदरांनी खाल्लं. चौथीकडे बिल होतं, पण तिने तक्रार केली ती फक्त फोनवर. आणि मी मारलेल्या पाच फेऱ्यांचा कागद एकही नाही. मशीन तीन आठवडे दुकानात होती, त्याचीही पावती नाही.

म्हणजे आम्ही चौघी ओरडून सांगणार, आणि दुकानदार म्हणणार की या बाया माझ्याकडे कधी आल्याच नाहीत. आम्ही गेलोच नाही. हीच ती माझी चूक. मशीन बिघडली यात माझा दोष नव्हता. पण मी एकही गोष्ट कागदावर आणली नाही, हा माझा दोष होता.

नंतर एका प्रशिक्षणात मला कायदा समजला, तोवर चार वर्षं गेली होती. ग्राहकाने दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते. आमची मुदत संपली होती.

तो कायदा मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिथे कुटुंबांचे गट करून महिन्याचं सामान एकत्र घेतात, आपल्या बचत गटासारखंच. ग्राहक एकत्र आला की त्याचं ऐकलं जातं, हे अशा लोकांनी दाखवून दिलं. मग १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. २४ डिसेंबरला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून तो दिवस आपण ग्राहक दिन म्हणून पाळतो. २०१९ साली नवा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून तो लागू आहे.

नव्या कायद्यात आपल्यासाठी एक मोठी सोय झाली. पूर्वी दुकान किंवा कंपनी जिथे असेल, किंवा व्यवहार जिथे झाला असेल, तिथे तक्रार करावी लागायची. माझी मशीन नागपूरची, म्हणजे मला नागपूरला खेटे घालावे लागले असते. आता आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. वस्तू नागपूरहून आणा, मुंबईहून मागवा, नाहीतर मोबाइलवरून घ्या, दिघोरीच्या बाईला भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीची फी लागत नाही. वकील केलाच पाहिजे असंही नाही, स्वतः उभं राहून बोलता येतं. आमच्या चौघींसारखी अनेकींची तक्रार एकच असेल, तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकत्र तक्रार करता येते.

आयोग काय देऊ शकतो? दोष दुरुस्त करून द्या, वस्तू बदलून द्या, पैसे परत करा, झालेल्या नुकसानाची भरपाई द्या, असा आदेश तो देऊ शकतो. दोष आहे की नाही हे नुसतं पाहून कळत नसेल, तर वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवता येते. कायद्यात निकालासाठी तीन महिने आणि तपासणी लागली तर पाच महिने सांगितले आहेत. पण खरं सांगते, तारखा पडतात, वेळ जास्त लागू शकतो. म्हणून आयोग ही शेवटची पायरी समजा. आधीच्या पायऱ्या नीट चढलात तर बरेचदा तिथवर जावंच लागत नाही.

त्या पायऱ्या मी दोन वर्षांपूर्वी चढून पाहिल्या. तेव्हाचा प्रसंग सांगते.

उन्हाळा होता. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, कुलरशिवाय म्हातारी माणसं राहू शकत नाहीत. सासूबाईंसाठी नवा कुलर घेतला. अठरा दिवसांनी माझ्या सुनेने पाणी भरताना हात लावला आणि तिला झटका बसला. लोखंडी पत्र्यात करंट उतरला होता. तिच्या पायात चप्पल होती म्हणून वाचली. कुलरचा करंट लागून माणसं दगावतात, हे काही मी सांगायला नको.

मी आधी कुलरचा प्लग काढला. मग दुकानात फोन केला. दुकानदार काय म्हणाला असेल? "काकू, तुमच्या घरची अर्थिंग खराब आहे." तेच जुनं गाणं! पण यावेळी मी तयार होते.

माझ्याकडे पक्कं बिल होतं. बिलावर कुलरचा नंबर होता. मी गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने अर्थिंग तपासली, ती नीट होती. मोटरची वायर आतून सोलली होती, ती पत्र्याला लागत होती. मी म्हटलं, भाऊ, हे मला लिहून दे. त्याने चार ओळी लिहून सही केली. मुलाने सोललेल्या वायरचा फोटो काढला. मी दुकानदाराला साध्या कागदावर पत्र लिहिलं. अमुक तारखेला घेतला, अमुक तारखेला करंट लागला, वायरमनने हे लिहून दिलं आहे, पंधरा दिवसांत बदलून द्या. एक प्रत माझ्याकडे ठेवली आणि पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पोस्टाची पावती बिलाला टाचली.

मग १९१५ नंबरवर फोन केला. हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. त्यांनी तक्रार लिहून घेतली, तक्रारीचा क्रमांक दिला, आणि तक्रार कंपनीकडे पाठवली. हेल्पलाइन काही आदेश देत नाही, ती मध्ये पडून बोलणी करते. पण तक्रारीला क्रमांक पडला की समोरचा जरा सरळ होतो. अकराव्या दिवशी दुकानाची गाडी दारात आली, जुना कुलर घेऊन गेली, नवा देऊन गेली. आयोगात जावंच लागलं नाही.

दुकानदार दोन्ही वेळचे सारखेच होते आणि सबबही तीच होती. मीही तीच होते, फक्त यावेळी माझ्याकडे कागद होते.

म्हणून आता थोडक्यात सांगते. शक्य असेल तर लिहून घ्या.

वस्तू घेताना पक्कं बिल घ्या. त्यावर दुकानाचं नाव, तारीख, किंमत आणि वस्तूचा नंबर पाहिजे. बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, ते मागायला लाजू नका. वॉरंटी कार्डावर तिथेच उभं राहून तारीख आणि शिक्का घ्या. कार्डावर काय लिहिलं आहे ते घरातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या. दुकानदार तोंडाने काय बोलला ते उद्या कोणी मानत नाही.

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी दिसली तरी घाबरू नका. सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. बिलावर मुदत लिहिली नसेल तर कायद्याने त्यासाठी ३० दिवस दिले आहेत, म्हणून दोष दिसला की लगेच हालचाल करा.

वस्तू बिघडली की त्याच दिवशी वहीत तारीख टाका आणि काय झालं ते लिहा. अधूनमधून बिघडणारी वस्तू असेल तर हे फारच गरजेचं आहे. आज मोबाइल आहे, बिघडलेली असतानाच व्हिडिओ काढा, म्हणजे दुकानात जाऊन ती शहाण्यासारखी चालली तरी तुमच्याकडे पुरावा राहील. वस्तू दुरुस्तीला ठेवली तर ठेवल्याची पावती घ्या. मूळ बिल आणि मूळ कार्ड कोणाला देऊ नका, झेरॉक्स द्या.

आणि शेवटचं, एकट्याने गप्प बसू नका. गटाच्या बैठकीत विचारा, ही वस्तू आणखी कोणाकडे आहे का, तिची कशी चालते? आम्ही चौघी मंडईत योगायोगाने भेटलो म्हणून कळलं. तुमची बैठक तर दर महिन्याला होते. हप्ता जमा करता, तेव्हा पाच मिनिटं यासाठी द्या. गटाच्या कपाटात एक फाइल ठेवा, आणि गटाच्या कर्जातून घेतलेल्या प्रत्येक वस्तूच्या बिलाची झेरॉक्स त्यात लावा. आमच्या गटाने आता नियमच केला आहे.

ज्यांच्या घरी अजून लग्नाच्या कॅसेटी आहेत त्यांना एक सांगते. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये व्हीसीआर बनवणं बंद केलं. नवी मशीन आता निघत नाही, जुन्या कमी होत चालल्या आहेत. कॅसेट पावसाळ्यात ओलीत ठेवू नका, कोरड्या जागी उभी ठेवा. फितीवर पांढरे डाग दिसले तर मशीनमध्ये घालू नका. जमेल तितक्या लवकर शहरातल्या एखाद्या स्टुडिओतून पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि एक नाही, दोन प्रती करा. देताना किती कॅसेटी दिल्या त्याची पावती घ्यायला विसरू नका.

आमच्या कॅसेटचं काय झालं, ते तुम्ही विचाराल. पुढे एका स्टुडिओवाल्या भावाने ती उघडली, चुरगळलेला तुकडा कापला, उरलेली फीत जोडली, आणि सगळं डीव्हीडीवर उतरवून दिलं. मंगलाष्टकं गेली ती गेलीच. पण त्यानंतरच्या पंगतीत दीर माझ्या सासऱ्यांना आग्रह करताना दिसतात. "बाबा, अजून एक घ्या ना," असं म्हणतात आणि हसतात. तेवढं राहिलं.

जावेचा मुलगा आता नोकरीला लागला आहे. त्याने ते आपल्या मोबाइलमध्ये ठेवलं आहे. मागच्या महिन्यात त्याने नवीन टीव्ही आणला. घरात शिरल्या शिरल्या जाऊ त्याला म्हणाली, "आधी बिल दाखव, मग खोका उघड."

ऐकत राहा, आणि बिल जपून ठेवा. नमस्कार.